भरतपूरच्या म्हशी

राजस्थानातल्या भरतपूरचे पक्षी पाहायला आपल्याकडून पुष्कळ मंडळी जातात. आग्र्याचा ताजमहाल, मथुरा-वृंदावन आणि जमलेच तर भरतपूर, अशी ती सहल असते. परत आल्यावर चित्रबलाकांचे, बदकांचे फोटो दाखवले जातात. भरतपूरच्या म्हशींविषयी मात्र कोणी बोलत नाही. आज मला त्या म्हशींविषयी लिहायचे आहे. हसू नका! परिसंस्था म्हणजे काय आणि एखाद्या अधिवासाचा अभ्यास कसा करायचा, हे मला पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा या म्हशींच्या गोष्टीतून जास्त नीट कळले. आणि ही गोष्ट गमतीची नाही. तिच्यात माणसे मेली आहेत.

मी शाळेत आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले. विज्ञानाशी संबंध आला तो शिक्षक रजेवर असला की त्याचा तास घेण्यापुरता. त्यामुळे या विषयाकडे मी इतिहासाच्या वाटेने येतो, ही सवय वाचकांनी सांभाळून घ्यावी.

तर आधी जागेचा इतिहास. भरतपूर शहराला लागूनच केवलादेव घना राष्ट्रीय उद्यान आहे. केवलादेव हे तिथल्या शंकराच्या देवळाचे नाव आणि घना म्हणजे दाट झाडी. क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग पाणथळ, बाकी गवताळ माळ आणि झाडोरा. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी या खोलगट भागात पसरत असे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घातला गेला आणि ते पाणी अडवून हवे तेव्हा सोडता येऊ लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संस्थानाने इथे छोटे छोटे बंधारे, पाट, दरवाजे बांधून पाण्याचे कप्पे पाडले. कशासाठी? बदकांच्या शिकारीसाठी! पाणी आले की बदके येणार, बदके आली की साहेबलोक येणार. देवळाजवळ दगडी फलक आहेत, त्यांवर कोणत्या तारखेला कोणाच्या सन्मानार्थ किती पक्षी मारले याची यादी कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवसापुढे व्हाइसरॉय लिनलिथगो यांचे नाव आणि ४,२७३ हा आकडा आहे. एका दिवसाचा! निवृत्तीनंतर मी तिथे गेलो होतो तेव्हा सगळे पर्यटक झाडावरची घरटी पाहत होते आणि मी हे दगड वाचत उभा होतो. इतिहासाच्या मास्तरला घरटी दाखवली तरी तो शिलालेखच वाचणार.

सांगायचा मुद्दा असा, की ज्याला आपण 'निसर्ग' म्हणून पाहायला जातो ती पाणथळ माणसाने घडवलेली आहे. बांध माणसाचा, दरवाजे माणसाचे, आणि त्या पाण्यात पिढ्यानपिढ्या चरणाऱ्या म्हशीही आसपासच्या गावांतल्या माणसांच्याच. पावसाळ्यात अजान बांधाचे पाणी आत सोडले की त्याबरोबर माशांची असंख्य पिल्ले येतात. त्यांवर बगळे, पाणकावळे, चित्रबलाक आपली पोरे पोसतात. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके उतरतात. उन्हाळ्यात पाणी आटते, चिखल उघडा पडतो, पुन्हा पावसाळा. या चक्रात म्हैस शेकडो वर्षे होती. पण पक्ष्यांच्या यादीत ती नव्हती, म्हणून कोणी तिला मोजली नाही.

स्वातंत्र्यानंतर या पाण्यावर शेतीचा डोळा होता. डॉ. सलीम अली यांच्यासारख्यांनी आग्रह धरला म्हणून ती जागा वाचली. १९५६ साली पक्षी अभयारण्य झाले. १९८१ मध्ये चिलिका सरोवराबरोबर रामसर कराराच्या यादीत भारताची जी पहिली दोन नावे गेली त्यांत केवलादेव होते. त्याच सुमारास ते राष्ट्रीय उद्यान ठरले. आता राष्ट्रीय उद्यान म्हटले की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्या कायद्यात राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला बंदी आहे. कायदा सगळ्या देशासाठी एकच. डोंगरावरचे जंगल असो की गुडघाभर पाण्याची दलदल, कलम तेच.

नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई बंद झाली. भोवती माणसाच्या उंचीहून उंच दगडी भिंत होतीच. पण ज्यांची हजारो गुरे तिथे चरत होती त्यांना दुसरे कुरण कोणी दिले नव्हते. लोक गुरे घेऊन आत शिरायला लागले, पोलीस आले, गोळीबार झाला आणि गावकरी मेले. पक्ष्यांसाठी राखलेल्या जागेत, म्हशींपायी.

बंदीची मागणी करणारी माणसे दुष्ट नव्हती, हे इथेच सांगून टाकतो. गुरांनी जंगल खाऊन टाकले, रोपटी वाढू दिली नाहीत, टेकड्या बोडक्या केल्या, हे आपण सह्याद्रीत डोळ्यांनी पाहिले आहे. खुद्द सलीम अली आणि त्यांची मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी चराईच्या विरोधात होती. त्या वेळी जगभर हाच समज होता, की जागा राखायची तर कुंपण घाला आणि माणूस व गुरे बाहेर काढा. समज वाजवी होता. फक्त तो या पाण्यावर तपासून पाहिलेला नव्हता.

इथे मला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जायला हवे. डार्विनचे १८५९ चे प्रसिद्ध पुस्तक आपल्याला माकड आणि माणूस एवढ्यापुरतेच माहीत असते. त्यात तिसऱ्या प्रकरणात दोन साध्या गोष्टी आहेत. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात फार्नहॅमजवळ मोठे झुडपाळ माळ होते. त्यांतल्या काही भागांना कुंपण पडले होते आणि आत पाइनची झाडे दाट उगवली होती, ती कोणी लावलेली नव्हती. बाहेरच्या मोकळ्या माळावर मात्र दूरवरच्या जुन्या लावलेल्या झाडांखेरीज एकही झाड दिसेना. डार्विन खाली वाकला. झुडपांच्या काड्यांमध्ये बघितले तर शेकडो इवलीशी रोपे! गुरांनी पुन्हा पुन्हा खुडलेली. त्याने एक चौरस यार्ड जागा घेतली आणि मोजली. बत्तीस रोपे निघाली. एकाची वलये मोजली तर ते सव्वीस वर्षे डोके वर काढायचा प्रयत्न करत होते.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची. हिरवळीचा तीन फूट बाय चार फूट एवढा तुकडा, नेहमी कापला जाणारा. त्याला कापायचे थांबवले आणि मोकळे वाढू दिले. त्यात वीस जातींच्या वनस्पती होत्या. त्यांतल्या नऊ जाती मेल्या, कारण जोमदार जातींनी वाढून बाकीच्यांना गाडून टाकले. म्हणजे खाणारे तोंड किंवा कापणारे पाते काढून घेतले की सगळेच सुखाने नांदते असे नाही. दांडगे असते ते माजते.

चौकोन आखायचा, मोजायचे, थांबायचे आणि पुन्हा मोजायचे. अधिवास अभ्यासण्याची निम्मी विद्या डार्विनच्या या दोन तुकड्यांत आहे, असे मला वाटते. या शास्त्राला नाव मिळाले ते नंतर, १८६६ साली, जर्मनीच्या हेकेलकडून. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'घर'. १८७७ मध्ये मोबियस या प्राध्यापकाने उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या कालवांचा अभ्यास छापला. सरकारला हवे होते एवढेच, की कालवे वाढवता येतील का. त्याने सांगितले की कालवे एकटी राहत नाहीत, त्यांच्याबरोबर राहणाऱ्या सगळ्या जिवांचा मिळून एक समुदाय असतो. एकाची संख्या हलली की बाकीच्यांची हलते. अन्नसाखळी हा आज पाचवीच्या मुलालाही ठाऊक असलेला शब्द चार्ल्स एल्टनच्या १९२७ च्या पुस्तकाने रूढ केला, आणि परिसंस्था हा शब्द इंग्रजीत टॅन्सलीने १९३५ मध्ये आणला. जीव आणि त्यांच्याभोवतीचे पाणी, माती, हवा हे सगळे एकत्र धरायचे, असे त्याचे म्हणणे. माणसाचे कामही त्यातून वगळू नये असेही त्याने त्याच लेखात लिहिले. भरतपूरला नेमके तेच वगळले गेले.

आता परत भरतपूरला येऊ. एक गोष्ट मात्र नशिबाने झाली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या सुमारास तिथे दीर्घ अभ्यास सुरू केला होता. डॉ. व्ही. एस. विजयन हे त्याचे काम पाहत होते. म्हणजे बंदी आली तेव्हा पाण्यात, गवतात, पक्ष्यांत रोज उतरणारी माणसे आधीपासून हजर होती. बंदीच्या आधीची नोंद आणि नंतरची नोंद, दोन्ही एकाच हाताच्या. इतिहासात असे साधन क्वचित मिळते. आपल्याकडे लढाईनंतरची बखर असते, आदल्या दिवशीचा जमाखर्च नसतो.

दहा वर्षांनी जे हाती आले ते बंदीला पाठिंबा देणाऱ्यांना अपेक्षित नव्हते. पाणथळीत पास्पॅलम नावाचे एक गवत आहे. चिखलात मुळे धरते आणि पाण्यावर सरपटत जाऊन जाळे विणते. म्हशी पाण्यात उतरून हे गवत खात, तुडवत. म्हशी गेल्या आणि या गवताला रान मोकळे मिळाले. उघडे पाणी कमी होत गेले. पाण्यावर पोहणाऱ्या बदकांना, वारकऱ्यांना (कपाळावर पांढरा टिळा लावलेला तो काळा पक्षी, मराठीत त्याला फार गोड नाव आहे) जागा उरेना. पाण्याखालच्या वनस्पतींना ऊन मिळेना. माशांनाही ते दाट जाळे मानवले नाही. चराई थांबवली की पक्षी वाढतील ही अपेक्षा होती. पाणपक्षी कमी झाले. चराई पूर्ण बंद ठेवणे या पाणथळीला बाधक आहे असा निष्कर्ष त्याच सोसायटीच्या अभ्यासातून १९९१ मध्ये पुढे आला, जी सोसायटी आधी चराईच्या विरोधात होती. गवत काढायला मग यंत्रे लावावी लागली, आणि पुढे गावकऱ्यांनाच आत येऊन गवत कापून न्यायची परवानगी मिळाली. म्हशीचे काम विळ्याने!

मला या अभ्यासाचा मोठेपणा वाटतो तो इथे. आपलेच मत खोटे ठरवणारी मोजदाद छापायला धैर्य लागते.

ते असे का झाले, हे थोडे सोपे करून सांगतो. कोणतीही उथळ पाणथळ ही स्थिर नसते. गाळ साठतो, गवत आत सरकते, मागून झुडपे येतात, मग झाडे. मोकळे सोडले तर तळ्याचे हळूहळू माळरान होते. याला अनुक्रमण म्हणतात. काहीतरी हे सरकणे सतत मागे ढकलत असते, कुठे पूर, कुठे वणवा, कुठे हत्ती, कुठे रानम्हशी. केवलादेवला ते काम गावच्या म्हशींकडे होते. म्हणून अधिवासाकडे बघताना 'इथे काय आहे' एवढे विचारून भागत नाही. 'हे असे का राहिले, कशाने राहिले' हे विचारावे लागते. माझ्या मते हा सरळ इतिहासाचा प्रश्न आहे. किल्ला उभा का राहिला, हे विचारताना आपण फक्त दगड मोजत नाही.

मग अभ्यास करायचा कसा? मी काही तज्ज्ञ नाही, पण वाचून आणि आमच्या शाळेमागच्या ओढ्याकाठी मुलांना घेऊन जे केले त्यावरून सांगतो. आधी जागेचा नकाशा, पाणी कुठे, किती खोल, कोणत्या महिन्यात कुठवर. मग काठापासून पाण्याकडे एक दोरी सरळ ताणायची आणि ठरावीक अंतरावर एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट टाकायची. चौकटीत जे आहे ते सगळे लिहायचे. नाव येत नसेल तर 'गवत क्रमांक तीन' लिहून पान वहीत दाबायचे, नाव नंतर मिळते. चौकट आपल्याला आवडेल तिथे टाकायची नाही. मुले फूल दिसले की तिथेच टाकायला धावतात, मोठी माणसेही तेच करतात! पक्षी मोजायचे तर त्याच जागेवरून, त्याच वेळी, तेवढाच वेळ. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पुन्हा जायचे. पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी. एकदा पाहिलेली जागा म्हणजे फोटो, चित्रपट नव्हे. खाणाऱ्या जनावराचा परिणाम पाहायचा असेल तर दोन सारखे तुकडे घ्यायचे, एकाला काटेरी कुंपण घालायचे, दुसरा उघडा ठेवायचा. आमच्या कुंपणाच्या काट्या तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी चुलीसाठी नेल्या, हेही वहीत लिहिले आहे. तीही त्या अधिवासाची माहितीच की.

भरतपूरला अख्ख्या उद्यानालाच भिंत घातली गेली. प्रयोग म्हणून नव्हे, निकाल लागल्यासारखी. बाजूला उघडा तुकडा ठेवून आधी दोन-चार वर्षे बघितले असते तर? हा प्रश्न मला अजून सतावतो. गोळीबारात मेलेल्यांच्या घरचे लोक तो कसा विचारत असतील, कल्पना करवत नाही.

असे फक्त आपल्याकडे घडते असे मात्र समजू नका. इंग्लंडमध्ये लार्ज ब्लू नावाचे निळे फुलपाखरू होते. ते दुर्मीळ होत चालले तसे संग्राहकांपासून वाचवायला काही जागा राखल्या, कुंपणे घातली. फुलपाखरे तरीही कमीच होत गेली. १९७२ पासून जेरेमी थॉमस या तरुण संशोधकाने त्यांच्यामागे ऋतूच्या ऋतू घालवले. या फुलपाखराची अळी रानटी थाइमच्या फुलांवर थोडी वाढते आणि मग जमिनीवर पडते. तिथे लाल मुंग्या तिला आपलीच पोर समजून वारुळात नेतात. आत ती मुंग्यांची अंडी-पिल्ले खाऊन पोसते. पण त्या मुंग्यांच्या अनेक जातींपैकी एकाच जातीच्या वारुळात ती नीट तगते, आणि त्या जातीला उबदार जमीन लागते. गवत अगदी आखूड, दोन-तीन सेंटीमीटरचे असले तरच ऊन जमिनीपर्यंत पोचते. गवत आखूड ठेवत होती गुरे, मेंढ्या आणि ससे. गुरे कुंपणाबाहेर गेली, १९५० च्या दशकात सशांची रोगाने दाणादाण उडाली, गवत वाढले, जमीन थंड झाली, मुंगी गेली, फुलपाखरू गेले. थॉमसला हे कळेपर्यंत उशीर झाला होता. १९७९ मध्ये ब्रिटनमधून ते नाहीसे झाले. १९८३ पासून स्वीडनमधून आणून ते पुन्हा सोडले, आणि या वेळी चराई ठेवून. ते टिकले.

भरतपूरचा शेवट एवढा गोड नाही. तिथे हिवाळ्यात सायबेरियन क्रौंच उतरत. १९६० च्या दशकात ते दोनशेच्या आसपास होते. उथळ पाण्यातल्या लव्हाळ्यांचे कंद उकरून खाणारा हा पांढराशुभ्र पक्षी. २००२ च्या हिवाळ्यानंतर भरतपूरला त्यांची जोडी आलेली नाही. याचे खापर एकट्या गवतावर फोडता येणार नाही, सायबेरियापासूनच्या वाटेवर अफगाणिस्तान-पाकिस्तानात त्यांची शिकार होत होती. मागून पाण्याचे भांडण आले. करौली जिल्ह्यात गंभीर नदीवर पांचना धरण झाले, धरणाखालच्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला, आणि २००४ च्या सुमारास केवलादेव कोरडे पडले. २०१२ पासून गोवर्धन ड्रेनमधून पाइपाने पाणी आणायला सुरुवात झाली. नदीच्या पुराचे पाणी यायचे तेव्हा त्याबरोबर मासे यायचे. पाइपाच्या पाण्यात तेवढे येत नाहीत.

कोरड्या पडलेल्या भागात विलायती बाभूळ माजली, तीच आपल्याकडची वेडी बाभूळ. २००७ पासून ती उपटायचे काम निघाले. मजुरी द्यायला पैसे कुठले? मग आसपासच्या गावांनाच आत बोलावले. उपटा आणि लाकूड घेऊन जा! भिंतीच्या दरवाजातून कुऱ्हाडी घेऊन लोक आत गेले आणि डोक्यावर मोळ्या घेऊन बाहेर आले. पंचवीस वर्षांपूर्वी म्हशी घेऊन ज्यांना आत येता येत नव्हते, त्याच गावांचे लोक.